आजीच्या कुड्यांतल्या खड्यांची अंगठी: आधी खडे उघडून बघा, डिझाइन नंतर

ताई, तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. आजीच्या हिऱ्याच्या कुड्या आहेत, त्यातले दोन खडे कधीच पडून गेलेत, एक माणकाची जुनी अंगठी आहे जी घरात कुणाच्याच बोटात बसत नाही, एक नथ आहे, आणि या सगळ्यातून रोज घालायला हातानं घडवलेली एक अंगठी करायचीय, सोनंही तेच वापरून. सराफ म्हणाला हातघडाई आता कोण करत नाही, कास्टिंगमध्ये, म्हणजे साच्यात ओतून, करून देतो, कॅटलॉगमधून डिझाइन निवडा. मी कोल्हापुरात गुजरीजवळ, म्हणजे सराफ बाजाराजवळ, ३१ वर्षं हेच काम करतोय, वडिलांच्या हाताखाली शिकलो, त्यामुळे जरा सविस्तरच लिहितो, कारण एकदा मुशीत गेलेली वस्तू परत येत नाही.

पहिलं म्हणजे डिझाइन आत्ता निवडू नका. नवीन खडे घ्यायचे असले तर डिझाइन आधी चालतं, कारण हव्या त्या मापाचा खडा बाजारात मिळतो. जुन्या दागिन्यात उलटं असतं, खडा जो आहे तो आहे, आणि तो कोंदणातून बाहेर काढेपर्यंत तुमच्या हातात नक्की काय आहे हे मलाही सांगता येत नाही आणि त्या सराफालाही नाही.

कुडी म्हणजे मधे एक आणि भोवती सहा असं सात खड्यांचं फूल. तुमच्या जोडीत १४ असणार, दोन गेले म्हणजे १२ उरले. आता कुडी उलटी करून मागून बघा. मागून जाळी असेल, खड्याचं बूड दिसत असेल तर काम सोपं आहे. पण मागची बाजू पत्र्यानं बंद असेल तर जरा थांबा. जुन्या बंद कोंदणात खड्याखाली चकचकीत पन्नी ठेवायची पद्धत होती, कारण ते हिरे बरेचदा चपटे असायचे, रोझ कट नाहीतर पोलकी, त्यांना खाली टोक नसतं त्यामुळे वरून गेलेला उजेड परत फेकायचं काम ती पन्नी करते. असा खडा बाहेर काढला की तो एकदम विझल्यासारखा दिसतो, पिवळट, काचेच्या तुकड्यासारखा, आणि इथंच गिऱ्हाईक आणि सोनार यांचं भांडण होतं, तुम्ही माझा हिरा बदलला म्हणून. बदललेला नसतो, फक्त पन्नी गेलेली असते. म्हणून खडे नेहमी तुमच्यासमोर काढायला लावा, काढायच्या आधी पुढून मागून फोटो, अख्ख्या कुडीचं वजन, मग काढलेल्या खड्यांचं कॅरटमध्ये वेगळं वजन, उरलेल्या सोन्याचं वेगळं, सगळं एका कागदावर आणि खाली दोघांची सही. (१ कॅरट म्हणजे ०.२ ग्रॅम, म्हणजे खडे वजनात फारसे नसतात, उरलेलं सोनं अचानक खूप कमी भरलं तर कोंदणाच्या पोटात लाख भरलेली होती का ते विचारा, जुन्या कामात असते.)

हे काढणं कसं चालतं तेही सांगतो. दांडीच्या टोकाला लाख गरम करून त्यात कुडी रुतवायची, म्हणजे हलत नाही, मग बारीक पोलादी टोच्यानं कोंदणाची कड केसाएवढी उचलायची, पूर्ण गोल फिरत, एकाच जागी जोर द्यायचा नाही. खडा सुटला की खाली जे दिसतं ते मला अजूनही थांबवतं, काळपट मेणासारखा थर, केसांचं तेल, साबण, पावडर, कधी कुंकवाचा लाल कण, पन्नास-साठ वर्षं अंगावर घातलेल्या वस्तूचा सगळा हिशेब त्यात असतो. हिरे मी रात्रभर रिठ्याच्या कोमट पाण्यात ठेवतो आणि सकाळी मऊ ब्रशनं धुतो. पण ज्या कुडीची पन्नी शाबूत आहे आणि कोंदण तसंच ठेवायचंय तिला पाणी लागू द्यायचं नाही, पन्नी काळी पडते.

आता माणिक. हे बोलताना मला दरवेळी जड जातं पण सांगितलंच पाहिजे. फ्रान्समध्ये ऑग्युस्त व्हर्नॉई या रसायनशास्त्रज्ञानं १९०२ साली आगीच्या ज्योतीत माणिक तयार करायची पद्धत जाहीर केली आणि त्यानंतर असे तयार माणिक जगभर सोन्यात बसले, आपल्याकडेही बसले. त्यामुळे आजीच्या अंगठीतलं ब्रह्मदेशचं म्हणून सांगितलेलं माणिक बघायला घेतलं की कधीकधी दहापट भिंगाखाली आत वळणदार रेघा दिसतात, तयार माणकाची खूण, ग्रामोफोनच्या तबकडीवर असतात तशा, कधी गोल बुडबुडे. खाणीतल्या माणकात वाढीच्या रेघा सरळ असतात, कोनात वळतात, आणि आत रेशमासारख्या बारीक सुया असतात. तयार माणिक निघालं तर ते खोटं म्हणून टाकू नका, ते रसायनानं माणिकच आहे, कडकपणाही मोह्सच्या १ ते १० मापावर ९ चाच, आणि तुमच्या आजीनं आयुष्यभर घातलंय, फक्त किंमत वेगळी आणि ती आधी माहीत असलेली बरी. शंका असेल तर अंगठी घडवायच्या आधी सुटा खडा मुंबईच्या जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ इंडियाकडे किंवा जयपूरच्या आयआयजीजे-आरएलसी (पूर्वीची जेम टेस्टिंग लॅबोरेटरी) या लॅबकडे तपासून घ्या, बसवलेल्या खड्यापेक्षा सुटा तपासणं कधीही सोपं.

आणि माणिक नंतरच्या काळात, म्हणजे गेल्या वीसेक वर्षांत घेतलेलं किंवा बदलून घातलेलं असेल तर आणखी एक धोका आहे. भेगांमध्ये शिशाची काच भरलेले माणिक या काळात खूप आले. दिसायला सुरेख पण ज्योत लागली की काच उकळते आणि तेजाबात (आम्लात) काय, लिंबाच्या रसातसुद्धा खराब होतात. भिंगाखाली खडा हलवला की आत निळसर चमक मारते, ती दिसली तर कारागिराला आधीच सांगा.

ज्योत आणि तेजाब याबद्दल सगळ्यात जास्त काळजी पाचूची. मी शिकाऊ होतो तेव्हा एका बाईंची पाचूची अंगठी मोठी करायला आली होती, मी जोड झाळला, म्हणजे झाळ हा जोडायचा मिश्रधातू वितळवून जोडला, खडा ओल्या कागदात गुंडाळला होता म्हणून वाटलं चालेल, आणि नंतर सवयीनं अंगठी कोमट तेजाबात टाकली. बाहेर काढली तर पाचू पांढुरका, आतल्या सगळ्या भेगा कोळ्याच्या जाळ्यासारख्या उघड्या पडलेल्या. पाचूमध्ये भेगा असतातच आणि त्यात तेल मुरवलेलं असतं, ते तेल निघून गेलं. वडिलांनी स्वतः त्या घरी जाऊन सांगितलं, खडा जयपूरला पाठवून परत तेल मुरवून आणला, पण पहिल्यासारखा तो झाला नाही. तेव्हापासून माझ्याकडे नियम आहे, आगीचं काम पूर्ण संपल्याशिवाय कुठलाही खडा बसत नाही. हिरा तसा आग सोसतो, पण उघड्या ज्योतीत जास्त तापला तर वरून दुधी पडतो, म्हणून अगदी नाइलाज असेल तर बोरिक पावडर स्पिरिटमध्ये कालवून त्याचा लेप देऊन मगच. माणिक-नीलम गरमी सोसतात पण त्यांच्यावर टाकणखार (बोरॅक्स) लागला तर पृष्ठभाग खातो. मोती, पोवळं, फिरोजा यांना आग नाही, तेजाब नाही, ध्वनिलहरींनी साफ करणारं अल्ट्रासॉनिक मशीनही नाही.

मोत्याचा विषय निघालाच आहे तर नथीबद्दल स्पष्ट बोलतो. नथीला हात लावू नका. मोत्याचा कडकपणा ३ च्या आसपास, आणि हवेतल्या धुळीत वाळूचे कण असतात ते ७, म्हणजे रोजच्या अंगठीत मोती पुसून पुसूनच मरतो. शिवाय नथीतले मोती तारेत ओवलेले, आरपार भोक पाडलेले असतात. जुने बसऱ्याचे, म्हणजे इराणच्या आखातातले नैसर्गिक, निघाले तर असे मोती आता सहज मिळत नाहीत. तार सैल झाली असेल तर नवीन तारेत गाठून घ्या, चार मोत्यांसाठी एक चांगली नथ मोडायची माझ्या मनाची तयारी होत नाही.

आता मुख्य मुद्दा, हातघडाई की कास्टिंग. मी कास्टिंगला नावं ठेवणारा नाही, कॉम्प्युटरवर डिझाइन करून मेणात छापून ओतलेली अंगठी उत्तम होऊ शकते. पण आजचे हिरे मशीनवर कापलेले, एका मापाचे म्हणजे एका मापाचे. तुमच्या कुडीतले हातानं कापलेले आहेत, मी असे मोजतो तेव्हा एक ३.१ मिलिमीटर, शेजारचा ३.४, एक जरा लांबट, एकाची कड पातळ तर दुसऱ्याची जाड. कॅटलॉगमधल्या तयार घरात ते बसत नाहीत, मग काय होतं तर एकतर घर कोरून मोठं करतात आणि खडा पातळ सोन्यावर तरंगत राहतो, नाहीतर तुम्हाला हळूच सुचवतात की हे खडे आम्ही घेतो, त्या बदल्यात नवीन एकसारखे घाला. जुन्या खड्यांसाठी हातघडाई ही नुसती हौस नाही, प्रत्येक खड्याला त्याच्या अंगाचं कोंदण लागतं म्हणून ती लागते. आणि सोन्याचंही आहे, कास्टिंगला एका वेळी मेणाच्या बऱ्याच अंगठ्या झाडासारख्या दांड्यावर लावतात आणि त्यात सोनं सगळ्यांचं एकत्र, तुमचे ८-९ ग्रॅम वेगळे ओतून द्या म्हटलं तर बहुतेक ठिकाणी नाही म्हणतात.

आजीचंच सोनं वापरायचं असेल तर दोन गोष्टी समजून घ्या. जुना दागिना २२ कॅरटचा म्हणून केलेला असला तरी त्यात जोडाजोडाला झाळ असते आणि झाळीत सोनं कमी, त्यामुळे सगळं एकत्र वितळलं की शुद्धता ९१.६ टक्क्यांच्या खाली येते. त्याहून वाईट म्हणजे मधल्या काळात कुणी कथील-शिशानं डागडुजी केलेली असेल तर. शिशाचा अगदी किंचित अंश सुद्धा सोन्याला ठिसूळ करतो, रोलमधून (दोन पोलादी लाटण्यांच्या यंत्रातून) पत्रा काढताना कडेला बिस्किटासारख्या भेगा जातात आणि मग ते सोनं शुद्ध केल्याशिवाय काहीच करता येत नाही. म्हणून वितळायच्या आधी मी प्रत्येक तुकडा बघतो, राखाडी जोड दिसला की तेवढा कापून बाजूला.

शुद्ध करायचं तर सोन्यात तिप्पट चांदी घालून वितळतात, पत्रा करून नायट्रिक तेजाबात घालतात, चांदी तांबं विरघळून जातं आणि खाली मातीसारखी तपकिरी पूड राहते. तीच तुमच्या आजीचं सोनं, बघून विश्वास बसत नाही, पण मुशीत टाकणखार घालून वितळलं की पिवळंधमक. हे तुमच्या एकट्याच्या सोन्याचं वेगळं करता येतं, फक्त आधी सांगावं लागतं आणि त्या दिवशी समोर बसायची तयारी ठेवा. जो कारागीर समोर बसू देत नाही त्याच्याकडे हे काम देऊ नका, हे मी माझ्या व्यवसायातल्या लोकांना वाईट वाटेल तरी लिहितो.

कॅरट किती ठेवायचं? खडे नखांवर, म्हणजे प्रॉंगवर बसवायचे असतील तर १८ कॅरट, कारण २२ ची नखं मऊ, साडीच्या पदरात अडकली की वाकतात आणि खडा गेला. पूर्ण कोंदणात बसवायचे असतील तर २२ उलट चांगलं, मऊ असल्यामुळे कड खड्यावर छान निजते. २२ चं १८ करायचं गणित सोपं आहे, ९ ग्रॅम २२ कॅरटमध्ये साधारण ८.२४ ग्रॅम शुद्ध सोनं, त्याला ०.७५ नं भागलं की ११ ग्रॅम, म्हणजे २ ग्रॅम तांबं-चांदी घालायची. तांबं जास्त घातलं तर तांबूस रंग येतो, जुन्या माणकाला तो शोभतो असं माझं मत.

तुमच्यासाठी मी काय करीन? एक कुडी अख्खी ठेवीन. जिचे सातही खडे शाबूत आहेत तिची मागची दांडी आणि फिरकी कापून ते फूल तसंच नव्या अंगठीच्या डोक्यावर. जुनं कोंदण, जुनी पन्नी, आजीनं घातलं तसंच. (गेलेले दोन खडे दोन कुड्यांतले एकेक असतील तर हे जमणार नाही, मग एकीतला खडा दुसरीत बसवून सात पुरे करावे लागतील, तेही होतं पण खडा मापाला लागला तर.) यात आगीची अडचण येते, जुनी झाळ कुठं सुटेल सांगता येत नाही आणि पन्नी जळते, म्हणून हा एकच जोड लेझरनं करून घ्यायचा, लेझरची गरमी टिपक्याएवढ्या जागेत राहते, बोटानं धरून जोडता येतं. मी ते मशीन असलेल्या मित्राकडे करून आणतो. फूल बोटावर जरा उंच वाटलं तर सगळे खडे काढून मधे माणिक आणि भोवती सहा हिरे असं नवीन कोंदण, आकार कुडीचाच.

घडवताना काय होतं ते थोडं सांगतो म्हणजे तुम्हाला बघताना कळेल. सोनं वितळून साच्यात ओतलं की बोटाएवढी लगड मिळते. ती ऐरणीवर चारी बाजूंनी ठोकायची, मग रोलमधून काढायची, दर थोड्या वेळानं मंद लाल होईपर्यंत तापवून पाण्यात बुडवायची, नाहीतर सोनं ताठरतं आणि तडकतं. या ठोकण्यानं सोनं घट्ट होतं, ओतीव सोन्यात बारीक छिद्रं राहतात ती यात दबून जातात, हातघडाईची अंगठी वर्षानुवर्षं गोल राहते ती यामुळे. मापाचं बघा, आपल्याकडचं १२ नंबर म्हणजे आतला व्यास साधारण १६.५ मिलिमीटर. पट्टी १.८ मिलिमीटर जाड ठेवली तर लांबी नुसत्या १६.५ वर काढायची नाही, जाडी मिळवायची, १८.३ गुणिले ३.१४ म्हणजे ५७.५ मिलिमीटर. शिकणारी मुलं इथंच चुकतात आणि अंगठी लहान होते. ३ मिलिमीटर रुंद धरली तर १८ कॅरटमध्ये ही नुसती पट्टी पावणेपाच ग्रॅमच्या आसपास, वर डोकं वेगळं.

टोकं कानशीनं अशी घासायची की उजेडाकडे धरल्यावर फटीतून काही दिसता कामा नये. मग टाकणखार, झाळीचा तीळभर तुकडा, आणि ज्योत. टाकणखार आधी फुगतो, पांढरा पापडासारखा होतो, मग काचेसारखा वितळून बसतो, आणि एका क्षणी झाळ चकाकून रेघेसारखी जोडातून पळते. त्याच क्षणी ज्योत बाजूला, अर्धा सेकंद उशीर झाला तर अंगठीच वितळायला लागते. आधी कडक झाळ, म्हणजे जास्त उष्णतेला वितळणारी, मग मधली, शेवटी मऊ, म्हणजे दुसरा जोड करताना पहिला सुटत नाही. कॅडमियमची झाळ, ज्याला लोक केडीएम म्हणायचे, वापरणार नाही ना एवढं विचारून घ्या, तिचा धूर कारागिराच्या फुफ्फुसाला घातक.

कोंदण खड्याभोवती अर्ध्या मिलिमीटरच्या पट्टीचं, आत बारीक बैठक, मागून उघडं म्हणजे उजेडही जातो आणि साफही करता येतं. सगळं घासून पॉलिशच्या आधीपर्यंत आणलं की मगच खडा बसवायचा, कड दाबताना आधी समोरासमोरच्या दोन बाजू, मग आडव्या दोन, मग मधल्या. एका बाजूनं सरळ दाबत गेलं तर खडा तिरका होतो आणि पातळ कडेचा जुना हिरा कडेला टवका जाऊन बसतो.

बोटाचं माप संध्याकाळी द्या, सकाळी बोट बारीक असतं. रुंद पट्टी असेल तर अर्धा नंबर मोठा. माप नीट द्या अशासाठी की बसवलेल्या खड्यांसकट अंगठी पुन्हा लहानमोठी करणं म्हणजे परत आग आली.

हॉलमार्कसाठी अंगठी खडे बसवायच्या आधी सेंटरला पाठवायला सांगा. १ एप्रिल २०२३ पासून विक्रीच्या हॉलमार्क दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा ओळख क्रमांक, लागतो, तुमचं सोनं घरचं असलं तरी मागून घ्या, आणि तो नंबर बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून तपासा. १८ कॅरटवर १८के७५०, २२ वर २२के९१६ असा शिक्का असतो.

पैशाचं बोलायचं तर घडणावळ आणि घट हे दोन आकडे वेगळे मागा. हातघडाईत कानशीचा भुगा पडतो, तो पेटीत जमा होतो आणि त्यातलं सोनं परत निघतं (पूर्वी झारेकरी दुकानासमोरची धूळ विकत घ्यायचे ते उगाच नाही), म्हणून माझ्याकडे घट ४ ते ६ टक्के धरतो, कुणी १५ म्हणाला तर उठून या. वेळ ८-१० दिवस, त्यातले कामाचे चार, बाकी लॅब आणि हॉलमार्कला जातात. दोन दिवसांत देतो म्हणणाऱ्याकडे तयार अंगठी आहे असं समजा.

काम झाल्यावर उरलेले हिरे, कापलेली दांडी, फिरकी आणि उरलेलं सोनं हे सगळं पुडीत मोजून परत घ्या, पुडीवर खड्यांची संख्या आणि वजन लिहून. दुसरी कुडी, जिचे खडे कमी आहेत, ती मोडायची घाई करू नका. आणि कुडीचा मागच्या बाजूचा एक स्पष्ट फोटो दिवसाउजेडी काढून दाखवा, बंद कोंदण आहे की उघडं एवढं कळलं की यातला कुठला मार्ग घ्यायचा ते लगेच सांगतो.